फिल्टरच्या पुढची होज

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेली कार्ब्युरेटरची जुनी मारुती ८०० शिरवळपर्यंत कुरकुर न करता पळते. खंबाटकीचा चढ लागला, दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला, की सुरुवातीला ती जोर धरते आणि दहा-पंधरा सेकंदांनी झटके खायला लागते. पिकअप पडतो. बाजूला घेऊन बॉनेट उघडावं तर इंजिन संथपणे चालू, जणू काही झालंच नाही. मग प्लग काढले जातात, कॉइल बदलली जाते, कार्ब्युरेटर उतरवून साफ केला जातो. दोष पुष्कळदा त्या आधीच्या एका छोट्या डबीत असतो. पेट्रोलचा फिल्टर तुंबलेला असतो.

सपाट रस्त्यावर लपलेला दोष चढावरच का दिसावा, याचं उत्तर १८५६ सालच्या एका फ्रेंच पुस्तकात आहे. दिजाँ शहराला पाणी पुरवणारा अभियंता हेन्री दार्सी याने वाळूच्या थरातून पाणी सोडून मापं घेतली आणि एक सरळ नियम मांडला. सच्छिद्र थरातून जितका प्रवाह जास्त, तितका त्या थरात दाब जास्त खर्ची पडतो. प्रवाह दुप्पट केला की दाबाची हानीही दुप्पट. आता गाडीचा हिशेब करू. जागेवर चालू असलेलं ८०० चं इंजिन तासाला अर्धा-पाऊण लिटर पेट्रोल पितं. ताशी ६० किलोमीटर वेगाने, लिटरला १५ किलोमीटर या हिशेबाने, तासाला ४ लिटर लागतं, म्हणजे सेकंदाला जेमतेम १ मिलिलिटर. पूर्ण जोर लावून घाट चढताना हीच मागणी तासाला दहा-बारा लिटरवर जाते. जागेवरच्या मानाने पंधरा-वीस पट प्रवाह, म्हणून तुंबलेल्या कागदात दाबाची हानीही पंधरा-वीस पट. मेकॅनिक ज्याला एसी पंप म्हणतात तो यांत्रिक पंप देतो साधारण ०.२ ते ०.३ बार दाब. त्यातला बराचसा फिल्टरच खाऊन टाकतो.

सुरुवातीच्या दहा-पंधरा सेकंदांचंही कारण आहे. कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये थोडं पेट्रोल साठलेलं असतं. चढाला तो साठा आधी वापरला जातो, मागून भरपाई होत नाही, आणि मग इंजिन उपाशी पडतं. निदानासाठी हा फरक मोलाचा आहे. पाय दाबल्याक्षणी मिसिंग सुरू होत असेल तर प्लग, वायर, कॉइल तपासा. थोडा वेळ नीट ओढून मग जीव सोडत असेल तर पेट्रोलच्या वाटेकडे बघा.

फिल्टर पंपाच्या अलीकडे बसवलेला असेल तर उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते. पंप ओढतो, तुंबलेला कागद अडवतो, त्यामुळे पंपाच्या तोंडाशी दाब कमी होतो. दाब कमी झाला की द्रव कमी तापमानाला उकळतो. पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचं मिश्रण. त्यातले हलके घटक ३५-४० अंश सेल्सियसलाच उकळू लागतात. मे महिन्यात बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त उष्णता असते. नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पंप पेट्रोलऐवजी वाफच दाबत बसतो.

डबीच्या आत कागद असतो. सेल्युलोजचा, रेझिनमध्ये भिजवून कडक केलेला आणि निऱ्यांसारखा घड्या घातलेला. घड्यांमुळे मुठीत मावणाऱ्या डबीत भरपूर क्षेत्रफळ बसतं, आणि दार्सीच्याच नियमाने क्षेत्रफळ वाढलं की दाबाची हानी कमी होते. या कागदाला एकसारख्या मापाची भोकं नसतात. तंतूंचं वेडंवाकडं जाळं असतं आणि त्याच्या जाडीत कण अडकत जातात. साधारणपणे १० ते २० मायक्रॉनच्या वरचे बहुतेक कण तो धरतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. एवढं बारीक कशाला गाळायचं, कार्ब्युरेटरचं मुख्य जेट तर सुमारे एक मिलिमीटरचं असतं, असं कोणी विचारेल. पण संथ चालीचं जेट त्याच्या निम्म्यावर असतं, आणि फ्लोट चेंबरच्या सुई-झडपेखाली एक बारीक कण अडकला तरी ती मिटत नाही. मग कार्ब्युरेटर भरून वाहतो आणि बॉनेटखाली कच्च्या पेट्रोलचा वास येतो.

पेट्रोल बाहेरून आत, म्हणजे घड्यांच्या बाहेरच्या बाजूकडून मध्याकडे वाहतं. कचरा मोठ्या जागेत साठतो आणि दाबामुळे कागद आतल्या आधारावर टेकतो. डबीवरचा बाण पाळायचा तो यासाठी. उलटा बसवला की कचऱ्याला जागा कमी मिळते आणि कागद आधाराविना बाहेर ढकलला जातो. बाण नेहमी टाकीकडून इंजिनाकडे.

आता प्रत्यक्ष काम. घरी करण्याजोगं आहे, पण धोका कुठे आहे ते नीट समजून घेतलं तरच. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. ही वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असते, त्यामुळे वर न जाता जमिनीलगत पसरते. बंगल्याच्या बंद पार्किंगमधून ती इन्व्हर्टरपर्यंत, गॅस गीझरपर्यंत, खालच्या खोलीतल्या निरांजनापर्यंत सहज पोचते. हवेत तिचं प्रमाण १.४ ते ७.६ टक्क्यांच्या दरम्यान असलं की एक मिलिज्यूलपेक्षाही कमी ऊर्जेची ठिणगी पुरते. म्हणून हे काम उघड्यावर, दिवसाउजेडी आणि इंजिन पूर्ण गार झाल्यावर करा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. काम सुरू करण्याआधी गाडीच्या उघड्या लोखंडाला हात लावा, म्हणजे अंगावरचा विद्युतभार उतरेल. सांडणारं पेट्रोल झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घ्या. शेजारी ड्राय पावडरचा अग्निशामक हवाच. पाणी चालणार नाही. पेट्रोल त्यावर तरंगत पसरतं.

टाकीचं झाकण आधी सैल करा. उन्हात टाकीत वाफेचा दाब साठतो आणि होज काढताक्षणी तो पेट्रोल बाहेर ढकलतो. टाकीतली पातळी फिल्टरपेक्षा वर असेल तर एकदा सुरू झालेली धार थांबत नाही, म्हणून काम टाकी कमी भरलेली असताना करावं आणि सुटलेल्या होजच्या तोंडात घट्ट बसणारा बोल्ट खुपसावा. काही गाड्यांत फिल्टर बॉनेटखाली असतो, काहींत मागे टाकीजवळ. मागे असेल तर गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा.

जुनी होज ओढून निघत नाही. आधी ती पक्कडीने हलकेच पिळून नोझलवर फिरवावी लागते. तरीही सुटली नाही तर टोकाकडून उभी चिरावी. जोर लावला तर फिल्टरचं प्लॅस्टिकचं नोझल मोडून त्याचा तुकडा होजमध्ये राहतो. आणि जी होज चिरावी लागली, ती बदलण्याच्याच लायकीची होती.

मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट इथेच येते. लोक फिल्टर बदलतात आणि जुनी होज तशीच ठेवतात. टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या होजमधून रबराचे कण सुटले तर नवा फिल्टर ते धरेल. पण फिल्टरपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या होजपुढे गाळायला काहीच नाही. तिच्यातून सुटलेला प्रत्येक कण थेट सुई-झडपेवर आणि जेटमध्ये जातो. वीतभर लांबीचा हा तुकडा फिल्टरइतकाच महत्त्वाचा आहे, आणि गेल्या काही वर्षांत त्याचं महत्त्व वाढलं आहे.

कारण पेट्रोल बदललं. त्यात इथेनॉल मिसळण्याचे देशातले पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाले, त्यातले दोन आपल्याकडचे: मिरज आणि मनमाड. २०२२ मध्ये मिश्रण १० टक्क्यांवर पोचलं, २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला यामागचं अर्थकारण समजावण्याची गरज नाही, आणि मला त्याला विरोधही करायचा नाही. पण विशीतल्या-तिशीतल्या गाडीचं रबर या इंधनासाठी बनलेलं नव्हतं. इथेनॉल जुन्या रबरात शिरून ते फुगवतं, त्याला मऊ ठेवणारे घटक धुऊन काढतं, आणि पुढे ते रबर कडक होऊन तडकतं. शिवाय टाकीच्या तळाला वर्षानुवर्षं बसलेला चिकट थर इथेनॉलमुळे सुटतो. म्हणून बरीच वर्षं उभी असलेली गाडी पुन्हा वापरात आली की नवा फिल्टरही लवकर तुंबू शकतो. तो फिल्टरचा दोष नाही, टाकी साफ होते आहे. दुसरा फिल्टर आधीच आणून ठेवावा.

पाण्याचा प्रश्न वेगळा. साधं पेट्रोल पाणी जवळजवळ विरघळवतच नाही. १० टक्के इथेनॉलचं मिश्रण मात्र साधारण अर्धा टक्का पाणी सामावून घेतं. त्याहून जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी एकत्र वेगळे होऊन तळाला बसतात, आणि पंपाची नळी नेमकी तळाजवळूनच ओढते. कोकणात पावसाळाभर अर्ध्या टाकीने उभ्या राहिलेल्या गाडीत आधी हेच तपासावं.

जुना फिल्टर लगेच टाकू नका. तो ज्या तोंडाने पेट्रोल घेत होता, त्याच तोंडाने पांढऱ्या वाटीत उलटा रिकामा करा. तांबूस भुकटी दिसली तर टाकी आतून गंजते आहे. काळे, बोटाने चेपणारे कण म्हणजे मागची होज. तळाशी वेगळा, स्वच्छ, घरंगळणारा थेंब म्हणजे पाणी. तपकिरी चिकट लेप म्हणजे पडून शिळं झालेलं पेट्रोल. टाकी उतरवावी लागेल की नाही, हे या वाटीवरून बहुधा ठरतं.

नवी होज नोझलच्या उंचवट्यापलीकडे पूर्ण चढवा आणि क्लिप त्या उंचवट्याच्या मागे बसवा. जास्त आवळलेली क्लिप रबर कापते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला होज कुठेही टेकू देऊ नका. बॅटरी जोडून स्टार्टर थोडा थोडा मारा. रिकामी झालेली वाट भरायला पंपाला वेळ लागतो. इंजिन चालू असताना प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू फिरवून पाहा. पारदर्शक फिल्टर अर्धाच भरलेला दिसला तर घाबरू नका. वर अडकलेली हवा तशीच राहते आणि पेट्रोल खालून वाहत असतं. आठवड्याने क्लिप पुन्हा तपासा, कारण दाबाखालचं रबर हळूहळू बसतं.

हे सगळं कार्ब्युरेटरच्या गाडीचं. इंजेक्शनच्या गाडीत नळीतला दाब साधारण ३ बार असतो, म्हणजे दहापटीहून जास्त, आणि इंजिन बंद केल्यावरही तो टिकतो. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवल्याशिवाय तिथला कोणताही जोड सोडू नये, आणि तुमच्या गाडीत तो फ्यूज कोणता हे माहीत नसेल तर ते काम गॅरेजवर सोपवावं. दोन्ही प्रकारच्या गाड्यांसाठी दुकानात नुसती 'पेट्रोलची नळी' मागू नका. एसएई जे ३० आर ९ असं छापलेली होज मागा. तिचं आतलं अस्तर इथेनॉलला टिकणाऱ्या फ्लोरोरबराचं असतं. महाग पडते, पण वीतभरच लागते.