रोज रात्री नवं गाव

"काल खंय होतो खेळ?"

"पाटाक."

"आणि परवा?"

"आरोंद्याक. उद्या नेरूराक."

"मग झोपतात कधी तुमी?"

"गाडयेत. गाडी चलता तवसर झोप लागता, थांबली काय जाग येता."

हे बोलणं झालं तेव्हा समोरचा माणूस ट्रंकेच्या झाकणाला टेकवलेल्या आरशात बघून उजव्या भुवईला काजळ लावत होता. डावी भुवई झालेली होती. चेहऱ्याला आधी खोबरेल चोळलेलं, त्यावर रंगाचा पहिला हात. दशावतार या आमच्या लोकनाट्यात रंगवायला वेगळा माणूस नसतो, ज्याचा चेहरा त्यानेच रंगवायचा. देवळाच्या पडवीत अशा चार-पाच ट्रंका ओळीने उघडलेल्या होत्या. पलीकडे पखवाजवाला शाई ठाकठीक आहे ना, हे बोटाने चाचपत होता.

आम्ही सिंधुदुर्गातली माणसं दशावताराच्या प्रयोगाला 'खेळ' म्हणतो, मंडळाला 'कंपनी' म्हणतो आणि कार्तिकापासून पावसाच्या तोंडापर्यंतच्या काळाला 'हंगाम'. नवख्या माणसाने हे तीन शब्द ऐकले तर त्याला एखादा व्यावसायिक संघच डोळ्यांसमोर येईल, आणि त्यात त्याची चूक नाही. कंपनी हा व्यावसायिक संघच आहे. तिला मालक आहे, ठरलेले गडी आहेत, प्रत्येकाची ठरलेली जागा आहे, पुढच्या वर्षी कोण कुठल्या कंपनीत जाणार याची पावसाळ्यात चालणारी कुजबुज आहे. राजपार्टी, स्त्रीपार्टी, खलपार्टी, विनोदी, नारद अशी कामं वाटलेली असतात. हंगामाआधी कलाकाराला उचल दिली जाते आणि पुढचे सहा-सात महिने तो कंपनीशी बांधलेला असतो. चांगली राजपार्टी दुसऱ्या कंपनीत गेली, तर गावोगावचे रसिक त्याची चर्चा महिनाभर करतात.

जगातल्या खेळांत या हंगामाला जवळचा वाटतो तो अमेरिकेतला बेसबॉल. तिथल्या मुख्य लीगमध्ये 30 संघ आहेत. मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत प्रत्येक संघ 162 सामने खेळतो, 81 घरच्या मैदानावर आणि 81 बाहेर. पूर्वी हा आकडा 154 होता, 1961-62 मध्ये तो वाढला. जपानच्या लीगमध्ये 143 सामने होतात. आपल्या आयपीएलमध्ये साखळीत एका संघाच्या वाट्याला 14 सामने येतात, हे शेजारी ठेवून बघा. बेसबॉलचा संघ जवळजवळ रोज खेळतो. आज इथे, रात्री प्रवास, उद्या दुसऱ्या शहरात. दहा वेळा फलंदाजीला येऊन तीनदा यशस्वी फटका मारणारा तिथे उत्तम फलंदाज समजला जातो, म्हणजे सातदा तो हात हलवत परत गेलेला असतो. 100 सामने जिंकणारा संघ सगळ्यांना भारी पडतो, पण तोही 62 हरलेला असतो. रोज खेळायचं म्हटल्यावर कालचं ओझं आज मैदानावर आणून चालत नाही.

हे वाचताना मला आमची कंपनीच दिसते. हंगामात चांगल्या कंपनीच्या शंभराहून जास्त रात्री भरतात. त्यातल्या काही रात्री पडतात. राजाचा घसा बसलेला असतो, गावात दुसरीकडे लग्न असल्यामुळे माणसंच कमी येतात, युद्धाचा प्रसंग रंगायच्या आत लाईट जाते. सकाळी सामान गाडीत चढतं आणि संध्याकाळी दुसऱ्या देवळात तीच माणसं पुन्हा ट्रंका उघडतात.

वेळापत्रकाच्या बाबतीत मात्र आमचं गणित वेगळं. तिकडे ते कार्यालयात आखलं जातं, इकडे ते पंचांगात असतं. तुळशीची लग्नं लागली, त्रिपुरी पौर्णिमा आली की गावागावांतल्या जत्रा सुरू होतात. सावंतवाडी तालुक्यातली सोनुर्लीच्या माऊलीची लोटांगणाची जत्रा याच सुमाराची. बहुतेक जत्रांची तिथी पक्की असते आणि कितीतरी देवळांत कुठल्या कंपनीने खेळ करायचा हेही परंपरेने ठरलेलं असतं. त्यामुळे नवीन पंचांग हातात आलं की मालकाला आपल्या अर्ध्याअधिक रात्री कळून चुकतात. आंगणेवाडीच्या भराडीदेवीसारखी जत्रा वेगळी. तिची तारीख कौल घेऊन ठरते, तोवर सगळा मालवण तालुका वाट बघतो. उरलेल्या तारखा नवसाच्या, वाढदिवसाच्या, मंडळांच्या. मिरग, म्हणजे मृग नक्षत्र, लागला की कंपनी मिटते. तेच राजे आणि तेच राक्षस चिखलात उतरतात, भाताचा तरवा लावतात, काहीजण होडीवर जातात.

आता मुख्य गोष्ट सांगतो. दशावताराला संहिता नसते. कोणी पाठांतर करत नाही, पडद्याआडून कोणी वाक्यं सांगत नाही. संध्याकाळी गावकरी आणि मालक बोलून आख्यान ठरवतात, तेही कधी कधी रंग लावायला बसल्यावर. मग जाणता कलाकार बाकीच्यांना प्रवेश सांगतो. पहिला दरबार, मग राणी, मग राक्षसाचं येणं, मग अरण्य, इथे नारद, इथे युद्ध. पाच-दहा मिनिटांत काम आटोपतं. पुढचे तीन-चार तास वाक्य न् वाक्य तिथल्या तिथे घडतं. समोरच्याने टाकलेला सवाल झेलायचा, त्यात आपली भर घालायची, आणि कथेचं टोक न सुटू देता परत फेकायचा. पद सुरू करायचं असेल तर नट सूर लावतो आणि हार्मोनियमवाला त्याला पकडतो. पाय आपटला की पखवाजवाल्याला कळतं की आता युद्धाला हात घालायचा. दृश्य म्हणून एक पडदा आणि एक लाकडी बाकडा. त्या बाकड्यावर राजा बसला की ते सिंहासन, त्यावर उभा राहिला की डोंगर.

हे शिबिरात शिकता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. ते शंभर रात्रींतच येतं. पहिल्या हंगामात पोरगा एखाद्या सेवकाचं काम करतो, दोन वाक्यं बोलतो आणि उरलेला वेळ बाजूला उभा राहून ऐकतो. एकच आख्यान वीस गावांत वीस तऱ्हांनी होताना तो बघतो. म्हणून एखाद्या सरकारी महोत्सवात शंकासुराला वीस मिनिटं नाचवून 'दशावतार सादर झाला' असं कोणी लिहिलं की मला वाईट वाटतं. काळ्या अंगरख्यातला, मालवणीतून देवांशी हुज्जत घालणारा तो शंकासुर मोठा गोड आहे. पण तो आड दशावतारातला, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागातला. त्याच्या मागे अख्खी रात्र असते, आणि त्या रात्रीच्या मागे हंगाम.

ही परंपरा किती जुनी? समर्थांच्या दासबोधात दशावतारी खेळणाऱ्यांचा आणि त्यांच्यातल्या बाई झालेल्या पुरुषांचा उल्लेख आहे, म्हणजे सतराव्या शतकात हे चांगलं रुळलेलं होतं. आजही स्त्रीपार्टी पुरुषच करतात, आणि जाणते प्रेक्षक राजापेक्षा तिच्याकडे जास्त बारकाईने बघतात. राजाचं काम करणारे नेरूरचे सुधीर कलिंगण 2022 साली गेले. त्यांना लोकांनी 'लोकराजा' म्हणायला सुरुवात केली ती रात्रीमागून रात्र त्यांना बाकड्यावर बसलेलं बघून.

बेसबॉलमध्ये हंगामाच्या मध्यावर सगळ्या संघांतले निवडक खेळाडू एकत्र येऊन एक सामना खेळतात. आमच्याकडे 'संयुक्त दशावतार' होतो. वेगवेगळ्या कंपन्यांतले नावाजलेले कलाकार एका रात्रीपुरते एकत्र येतात, आणि कालपर्यंत ज्याच्याशी कधी बोललाच नाही अशा नटाशी राजाला सवाल-जवाब करावे लागतात. मुंबईतले चाकरमानी त्यासाठी नाट्यगृह भरतात.

25 मार्च 2020, गुढीपाडवा. त्या दिवशी देश बंद झाला आणि चैत्र-वैशाखाच्या सगळ्या रात्री गेल्या. तिकडे बेसबॉलवाल्यांनी जुलैअखेरीस सुरुवात करून रिकाम्या स्टेडियममध्ये 60 सामन्यांचा हंगाम उरकला. आमच्या कंपनीला तसं करता येत नाही. समोर गाव नसेल तर सवाल टाकायचा कोणापुढे? जत्रेत खेळ सुरू होतो तो देवाची पालखी फिरल्यावर, ती फिरलीच नाही तर खेळ सुरू कधी करायचा? हंगाम बुडाला म्हणजे आधीच घेतलेली उचल फेडायची राहिली, आणि पुढच्या कार्तिकापर्यंत घरात दुसरी मिळकत शोधायची.

आता अडचण वेगळी आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी असल्यामुळे पुष्कळ ठिकाणी खेळ संध्याकाळीच सुरू करून तीन तासांत आवरावा लागतो. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, आजाऱ्याला आणि परीक्षेच्या पोराला झोप हवीच. पण तीन तासांत पहिला कात्रीखाली जातो तो आड दशावतार, आणि नव्या पोराची दोन वाक्यं.

त्या पडवीतल्या माणसाचा खेळ मी शेवटपर्यंत बघितला. ते जत्रेचं देऊळ होतं, त्यामुळे रात्रभर चालला. पहाटे दहीकाला झाला, हंडी फुटली, पोरं दह्याने माखली. तो तोवर पडवीत जाऊन बसला होता. मुकुट उतरवलेला, अर्ध्या चेहऱ्यावरचा रंग तेलाच्या फडक्याने पुसलेला, अर्धा तसाच. गावकऱ्याने चहा आणून दिला. चहा संपेपर्यंत दोघा पोरांनी पेटारा गाडीत चढवला होता.

"नेरूराक आज कोणता आख्यान?" मी विचारलं.

"गावकार सांगतीत ता," तो म्हणाला आणि उरलेली भुवई पुसायला लागला.