सूक्ष्मजीवांचा कायदा, भाग ६ : वीस लिटरच्या अलीकडे आणि पलीकडे

मागच्या भागात आपण १९८९च्या नियमांपाशी थांबलो होतो. घातक सूक्ष्मजीव आणि जनुकबदल केलेले जीव हाताळण्याबाबतचे, पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे हे नियम विद्यापीठ आणि कंपनी असा भेद करत नाहीत. हिंजवडीच्या जिनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लशीला जून २०२२मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. ती कंपनी आणि गणेशखिंडीच्या विद्यापीठात जनुकांवर पीएच.डी. करणारी मुलगी, दोघींनाही हेच नियम लागू.

परवानगी म्हटली की आपल्याला दिल्लीच्या वाऱ्या आठवतात. इथे पहिली पायरी मात्र घरातच असते : संस्थेची स्वतःची जैवसुरक्षा समिती, म्हणजे आयबीएससी. तिच्यात संस्थेचे प्रमुख, तिथलेच शास्त्रज्ञ, एक डॉक्टर आणि जैवतंत्रज्ञान विभागाने नेमलेला बाहेरचा प्रतिनिधी असतो. माझ्या मते समितीचा कस या बाहेरच्या माणसावर ठरतो. रोज एकत्र चहा पिणारे सहकारी एकमेकांना अडचणीचे प्रश्न विचारत नाहीत.

अर्जात काय विचारतात? जनुक कुठून घेतले, कशात घातले, कोणते वाहक वापरले. ई. कोलायच्या दुबळ्या, प्रयोगशाळेतच वाढलेल्या वाणात जेलीफिशचे चमकणारे प्रथिन तयार करायचे असेल, तर मामला सोपा. त्याच वाणात, त्याच फ्लास्कमध्ये विषारी प्रथिनाचे जनुक घातले की उत्तर बदलते. या उत्तरावर प्रयोगशाळेची जैवसुरक्षा पातळी ठरते : मानवी पेशींचे कल्चर साधारणपणे दुसऱ्या पातळीवर, क्षयाच्या जिवंत जंतूंचे तिसऱ्या. चौथ्या पातळीची देशातली पहिली प्रयोगशाळा पुण्यात पाषाणला, राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या (एनआयव्ही) आवारात २०१२मध्ये सुरू झाली. जोखीम मोठी असेल तर आयबीएससीच्या होकारानंतर प्रस्ताव दिल्लीला जनुकीय फेरफारांच्या आढावा समितीकडे, म्हणजे आरसीजीएमकडे जातो.

कागदावर न दिसणारी एक गफलत सांगतो. ‘लॅमिनार फ्लो’ कपाटाची हवा गाळून समोर काम करणाऱ्याच्या अंगावर येते. त्यात नमुना सुरक्षित राहतो, माणूस नाही. बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये दोघेही सुरक्षित राहतात. मुले मात्र दोन्हीला सरसकट ‘हूड’ म्हणतात आणि अर्जातही तेच लिहितात. जागरूक समिती इथेच अर्ज परत पाठवते. मग कचऱ्याचा प्रश्न : वापरलेल्या प्लेटा १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह होतात का, त्याची नोंद कोण ठेवतो, आणि पिवळी पिशवी किती तास पडून राहते?

आता वीस लिटर. कल्चर वीस लिटरच्या पुढे गेले की काम मोठ्या प्रमाणावरचे धरले जाते आणि परवानगीचे गणित नव्याने मांडावे लागते. विद्यापीठातले बहुतेक प्रयोग फ्लास्कपाशीच संपतात, त्यामुळे ही रेषा विद्यार्थ्यांच्या गावीही नसते. तोच विद्यार्थी पदवी घेऊन हिंजवडीत फर्मेंटरपाशी उभा राहतो, तेव्हा ती पहिल्याच आठवड्यात आडवी येते. हा धडा अभ्यासक्रमातच का नसावा, हे मला कळलेले नाही.

पुढच्या भागात पर्यावरण मंत्रालयातली जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समिती, म्हणजे जीईएसी, आणि जालन्याच्या महिकोचे बीटी वांगे तिथून पुढे जाऊनही २०१०मध्ये का अडले ते पाहू.