आराखडा रानाचा (भाग 9) : 'जनजागृती'च्या पुढची कार्डं

या भागात धोक्यांची प्रतवारी करायचं ठरलं होतं. ती पुढच्या आठवड्यावर ढकलावी लागते आहे, कारण मागच्या भागानंतर आलेल्या एका पत्राने थेट मुळाला हात घातला आहे. सापांसाठी काम करणाऱ्या एका गटाच्या आराखड्यात पहिलं काम होतं 'जनजागृती'. कार्यशाळेत त्याचं पिवळं कार्ड भिंतीच्या डाव्या टोकाला लागलं. प्रशिक्षकाने ते खोडलं नाही की त्यावर हरकत घेतली नाही. त्याने उजव्या टोकाला 'परिसरातले साप टिकतात' हे कार्ड लावलं, मधल्या जागेत चार कोरी कार्डं चिकटवली आणि म्हणाला, "ही तुम्ही भरा." पत्रलेखक विचारतात, वर्षानुवर्षं गावोगाव व्याख्यानं देणाऱ्यांची ही परीक्षा कशासाठी?

ती कोरी कार्डं म्हणजे परिणामसाखळी. जगभरातल्या संवर्धन संस्थांनी एकत्र येऊन नियोजनाची जी खुली मानकं 2004 मध्ये प्रसिद्ध केली, त्यांतलं हे सर्वांत उपयोगी अवजार. एका कार्डाकडून दुसऱ्याकडे जाताना 'जर… तर…' असं वाक्य म्हणून बघायचं; ते म्हणताना जीभ अडखळली तर तिथे कडी निसटलेली असते. प्रशिक्षकाला सापांमधलं काही कळायलाच हवं असं नाही. सापांची माहिती गटाकडे असते. त्याने फक्त "मग पुढे काय होईल?" हे न कंटाळता विचारत राहायचं.

पत्रातल्या गटाची कार्डं भरून पाहू. जर लोकांना विषारी-बिनविषारी कळलं, तर घरात साप निघाल्यावर माणूस काठीऐवजी फोन उचलेल. जर फोन आला, तर सर्पमित्र वेळेत पोचेल. जर तो पोचला, तर साप पकडून जवळच्याच योग्य जागी सोडला जाईल. जर हे घडलं, तर मारल्या जाणाऱ्या सापांची संख्या घटेल. वाचायला सरळ आहे, पण दुसऱ्या कार्डापाशी थांबावं लागतं. रात्री अकराला वस्तीवर साप निघाला आणि सर्पमित्र तासाभराच्या अंतरावर असला, तर धामण बिनविषारी आहे हे पक्कं ठाऊक असलेला माणूसही मुलं झोपलेल्या खोलीत तासभर वाट बघत बसणार नाही. इथे व्याख्यानं वाढवून भागणार नाही, वस्तीच्या जवळचे सर्पमित्र वाढवावे लागतील. मोजायचं काय, तेही मग आपोआप ठरतं: व्याख्यानाला आलेली डोकी बाजूला ठेवून आलेले फोन, पोचायला लागलेला वेळ आणि पोचण्याआधी मारलेले साप.

मधली कडी का तपासायची, हे गिधाडांच्या बाबतीत आपण पाहिलं आहे. भारतातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं 1992 ते 2007 या काळात 99 टक्क्यांहून अधिक घटली. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून कारण दाखवून दिलं: गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक. औषध दिलेल्या जनावराचं मढं खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा खडूसारखा पांढरा थर चढतो. भारताने 2006 मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित असल्याचं त्याच वर्षी सिद्ध झालं होतं, म्हणजे पर्यायही हाताशी होता.

बंदी, मग वापर थांबणं, मग मढी निर्धोक होणं, मग गिधाडं वाचणं, अशी ही साखळी. यातली तिसरी कडी तपासायला संशोधक मेलेल्या गुरांच्या यकृताचे नमुने गोळा करत राहिले. बंदीनंतर औषधाचं प्रमाण घटलं, पण संपलं नाही. कारण सापडलं ते औषधाच्या दुकानात. माणसांसाठीचं तेच इंजेक्शन 30 मिलिलिटरच्या कुपीत मिळत होतं आणि एका कुपीत गाईचं काम भागत होतं. 2015 मध्ये सरकारने माणसांसाठीची कुपी 3 मिलिलिटरची, एका मात्रेची केली. आता तेवढ्याच औषधासाठी दहा कुप्या फोडाव्या लागतात. केवळ गिधाडं मोजत बसलं असतं, तर ही फट इतकी नेमकी दिसली नसती. उद्दिष्ट किती कडक हवं, तेही आकड्यानेच ठरवलं होतं: प्राणघातक मात्रा असलेलं मढं 760 मध्ये एक असलं, तरी इतकी मोठी घट होऊ शकते असं गणित सांगत होतं. 'वापर कमी करणे' एवढंच लिहिलेलं कार्ड त्यामुळे पुरेसं नव्हतं. वापर जवळजवळ शून्यावर आणावा लागणार होता.

तर मग जनजागृती करूच नये का? कॅरिबियन समुद्रातल्या सेंट लुशिया बेटाकडे बघावं. तिथला पोपट, स्थानिक नाव जाको, जगात दुसरीकडे कुठेही आढळत नाही. 1970 च्या दशकात शिकार, पिंजऱ्यासाठीची पकड आणि जंगलतोड यांमुळे तो शंभराच्या आसपास उरला होता. पॉल बटलर हा इंग्रज तरुण तिथल्या वनखात्याबरोबर कामाला लागला. शाळाशाळांतून पोपटाच्या वेशातला माणूस फिरला, पोस्टरं लागली, गाणी झाली. 1979 मध्ये जाको राष्ट्रीय पक्षी झाला आणि पुढच्याच वर्षी वन्यजीव कायदा कडक झाला. नंतरच्या पाहण्यांत त्याची संख्या हजाराच्या वर गेली. इथे प्रचाराला पुढची कडी होती. पोपट आपला वाटू लागलेल्या लोकांनी कडक कायदा मान्य केला, आणि तो राबवणारं वनखातं सुरुवातीपासून सोबत होतं. रेअर या संस्थेने हाच अनुभव पुढे अनेक देशांत नेला. त्या मोहिमांच्या सूत्रात माहिती आणि वर्तनबदल यांच्या मध्ये 'अडथळा दूर करणे' अशी एक स्वतंत्र पायरी होती. गुरांसाठी मेलॉक्सिकॅम किंवा वस्तीजवळचा सर्पमित्र ही त्याच पायरीची उदाहरणं.

पत्रलेखकांच्या गटाने पुढच्या बैठकीत सर्पमित्रांच्या वह्या घेऊन बसावं. फोन किती वाजता आला आणि तिथे पोचलो किती वाजता, हे दोन रकाने नसतील तर आधी ते आखावेत.

राहिलेली प्रतवारी पुढच्या भागात नक्की. तोवर आपल्या धोक्यांच्या यादीपुढे तीन रकाने मोकळे सोडावेत: व्याप्ती, तीव्रता आणि झालेलं नुकसान भरून येण्याची शक्यता. तिसऱ्या रकान्यावर गटांमध्ये सर्वांत जास्त वाद होतात, म्हणून सुरुवात तिथूनच करू.