दोन बोटं माया

माझ्या आईने आयुष्यभर ब्लाउज शिवले. सांगलीच्या गावभागात, खिडकीपाशी ठेवलेल्या मशीनवर. त्यामुळे टीव्हीवर कुणी आलं की तिला माणसाआधी बाही दिसते. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आमच्या रोजच्या मालिकेतली धाकटी सून देवघरातून बाहेर आली आणि ती दुसरीच बाई निघाली. नाव तेच. सासू त्याच नावाने हाक मारत होती, नवरा कालच्यासारखाच रुसलेला. मी आईकडे पाहिलं. गवार मोडता मोडता ती म्हणाली, "ब्लाउज तोच आहे. उसवून परत घातलाय. काखेतली माया सोडलीय बघ."

मला काहीच दिसलं नव्हतं. शिवणीच्या आत राखलेल्या कापडाला माया म्हणतात हे घरात लहानपणापासून ऐकलेलं, पण त्या दिवशी तो शब्द डोक्यातून जाईना. नटी बदलली की लोक तिच्याबद्दल बोलतात. भांडण झालं का, लग्न ठरलं का, पैशांवरून बिनसलं का. पण तो ब्लाउज कुणीतरी रात्री बसून उसवला असणार. मला त्या माणसाला भेटायचं होतं.

मालिकांचे संवाद लिहिणाऱ्या एका मैत्रिणीमुळे ठाण्यात, घोडबंदर रस्त्याजवळच्या एका बंगल्यात जाता आलं. मालिकेचं नाव आणि माणसांची नावं लिहायची नाहीत, एवढीच अट होती. बाहेर जनरेटर, व्हरांड्यात चपलांचा ढीग, आणि आत रोज रात्री आपल्या घरात येणारं ते दिवाणखान्यातलं सगळं सामान. सोफा पडद्यावर दिसतो त्यापेक्षा लहान होता. कपड्यांची खोली मागच्या बाजूला, जिन्याखाली. तिथला वास अजून माझ्या नाकात आहे: वाफेच्या इस्त्रीखाली तापलेलं सुती अस्तर, डांबरगोळ्या आणि कुठल्यातरी लग्नाच्या सीनमधून उरलेला सुकलेला मोगरा.

ड्रेसदादा पन्नाशीचे. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, हातात दाढीचं अर्धं पातं. समोर जांभळ्या रेशमी ब्लाउजची बाही उलटी करून ठेवलेली. थोरल्या जावेची भूमिका करणारी अभिनेत्री चार दिवसांपूर्वी शेवटचं शूटिंग करून गेली होती, नवी दुपारी येणार होती. कारण काय, हे दादांनी विचारलं नव्हतं. "आपल्याला माप कळलं की झालं," ते म्हणाले आणि शिवण पात्याने टिपत राहिले. एकेक टाका. कापडाला पातं लागत नव्हतं.

हा ब्लाउज नवा का शिवत नाहीत? कारण साखरपुड्याचा सीन अर्धा झाला होता. थोरली जाऊ पाहुण्यांना पेढे देताना दिसली, ती जुनी. तीच पुढे स्वयंपाकघरात जाऊन रडणार, ती नवी. मध्ये एक दार. त्या दारातून माणूस बदलून बाहेर येणार असेल तर साडी, ब्लाउज, मंगळसूत्र, हिरव्या बांगड्यांची संख्या, कपाळावरच्या टिकलीची जागा हे काही म्हणजे काही बदलून चालत नाही. कंटिन्युइटी सांभाळणाऱ्या मुलीच्या फोनमध्ये त्या बाईचे शेकडो फोटो होते. बांगड्या डाव्या हातात अकरा, उजव्या हातात दहा. एक फुटली होती. नव्या अभिनेत्रीलाही अकरा आणि दहाच.

"लोकांना किती दिवस लागतात हो, नवं माणूस आपलंसं करायला?" मी विचारलं.

"तीन भाग," दादा म्हणाले. "पहिल्याला शिव्या देतात, दुसऱ्याला बघतात, तिसऱ्याला तिच्याबरोबर रडतात. चौथ्या भागाला तीच खरी."

तीन भाग. वरच्या मजल्यावर मालिकेचे ईपी, म्हणजे कार्यकारी निर्माते, बसतात. त्यांना मी हेच विचारलं, तर त्यांनीही मान वर न करता सांगितलं, तीन भाग. वर्षानुवर्षं रोज दिसलेलं माणूस, आणि तीन भाग.

माणसं जातात याचं मला नवल वाटत नाही. बारा-बारा तासांच्या शिफ्टा, पैसे नव्वद दिवसांनी हातात, घर कुठे, सेट कुठे. कुणाला मूल होणार असतं, कुणाला नाटक करायचं असतं, कुणी आजारी पडतं, कुणाला काढलं जातं. माझी मैत्रीण म्हणते, माणूस गेल्याची बातमी आली की लेखकाच्या टेबलावर तीन-चारच वाटा असतात. पात्राला गावाला, माहेरी किंवा परदेशी धाडायचं आणि अधूनमधून एकतर्फी फोन दाखवायचा. मारायचं, पण दरीत, म्हणजे देह सापडत नाही आणि दार उघडं राहतं. कथाच काही वर्षं पुढे न्यायची. नाहीतर सरळ दुसरं माणूस उभं करायचं. चौथी वाट सर्वांत स्वस्त, कारण बँकेत, म्हणजे शूट होऊन तयार असलेल्या भागांत, चार-पाचच भाग शिल्लक असले तर कथा वळवायला वेळ कुठला? मारण्याचं तर चॅनेलला भय वाटतं. 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मधल्या मिहीरला अपघातात मारलं, तेव्हा प्रेक्षकांनी असा आकांत केला की त्याला जिवंत करावं लागलं. अमर उपाध्याय गेले, मग इंदर कुमार आले, मग रोनित रॉय. आणि २०२५ मध्ये ती मालिका नव्याने सुरू झाली तेव्हा मिहीर म्हणून पुन्हा अमर उपाध्यायच उभे होते.

मराठी प्रेक्षकांनी हे सगळं पचवलंय. 'माझ्या नवऱ्याची बायको'ची शनाया २०१८ मध्ये रसिका सुनीलची ईशा केसकर झाली आणि २०२० मध्ये पुन्हा रसिका सुनील. त्याच वर्षी 'तुझ्यात जीव रंगला'तल्या नंदितावहिनी धनश्री काडगावकरकडून माधुरी पवारकडे गेल्या, कारण धनश्रीला बाळ होणार होतं. 'आई कुठे काय करते'ची संजना आधी दीपाली पानसरे होती. रूपाली भोसले २०२० मध्ये आली आणि आज संजना म्हटलं की बहुतेकांना तीच आठवते. तीन भागांचा हिशेब खरा असेलही. पण 'तारक मेहता'मधली दया? दिशा वकानी २०१७ पासून मालिकेत नियमित दिसत नाही आणि तिच्या जागी कुणालाही बसवलेलं नाही. गोकुळधाममध्ये तिचं नाव रोज निघतं, ती मात्र अहमदाबादेत माहेरी. काही माणसांच्या मापाचा ब्लाउज दुसऱ्या कुणाला होत नाही, हे तिथे कुणाला तरी कळलं असणार.

मला राग येतो तो गप्प बसण्याचा. आपल्या नाटकात नट बदलला की जाहिरातीत नाव बदलतं, प्रयोगाआधीच्या निवेदनात ते मोठ्याने वाचलं जातं. गेलेल्याचा मान राहतो आणि आलेल्यावर चोरासारखं शिरायची पाळी येत नाही. अमेरिकेतल्या डेली सोपमध्येही निवेदकाचा आवाज यायचा, की अमुक भूमिका आज तमुक करत आहेत. एक वाक्य. आपल्याकडे तेवढंही नाही. सासू जुन्या नावाने हाक मारते आणि आपण मान डोलवायची. जिने हजार संध्याकाळी आपल्या घरात काढल्या तिला उंबऱ्यापर्यंत पोचवायलाही कुणी येत नाही.

आशालता वाबगावकर यांच्याबद्दल दादा आपणहून बोलले. रंगभूमीवर 'मत्स्यगंधा' गाजवलेली ही बाई २०२० मध्ये 'आई माझी काळूबाई' मालिकेचं शूटिंग करत होती. साताऱ्यात त्यांना कोरोनाने गाठलं आणि २२ सप्टेंबरला त्या गेल्या. दादा त्या सेटवर नव्हते. पण बातमी आली तेव्हा या खोलीत, याच टेबलाशी ते इस्त्री करत होते. "त्यांच्या साड्या कुणी घडी घातल्या असतील, तेवढंच मनात आलं," ते म्हणाले. मग बराच वेळ फक्त पात्याचा आवाज.

चारच्या सुमाराला नवी अभिनेत्री आली. लहान चणीची, घाबरलेली, हातात संवादांचे कागद. आदल्या बाईपेक्षा दंडाने भरलेली. दादांनी टेप लावली, आकडा मनातल्या मनात म्हटला, आणि बाहीच्या आत राखलेली माया दोन बोटं होती ती एक बोट करून टाचली. त्याच वेळी बाहेर स्पॉटबॉयच्या फोनवर कालचा भाग चालू होता. जुनी थोरली जाऊ त्यात अजून चहा ओतत होती, हसत होती. तिचे अजून चार भाग दिसायचे होते. नवी तो आवाज ऐकून थबकली.

"हा त्यांचाच ना, ब्लाउज?"

"तुमच्यासाठी केलाय, ताई," दादा म्हणाले.

ती आत जाऊन घालून आली. मागे वळून आरशात पाहिलं, हात वर केला, खाली केला. बाही कुठे ओढली नाही. पण रेशमावर जुन्या शिवणीच्या सुईची भोकं राहतात, ती वाफ देऊनही पुरती बुजत नाहीत. दंडावर एक बारीक ठिपक्यांची रेघ होती. कॅमेऱ्याला दिसणार नाही, असं दादा म्हणाले. माझ्या आईला दिसेल, हे मला माहीत होतं.

ती शॉटला गेल्यावर त्यांनी मला ट्रंक उघडून दाखवली. प्रत्येक ब्लाउजच्या आतल्या पट्टीवर मार्करने पात्राचं नाव आणि खाली छातीचं माप. धाकट्या सुनेच्या ब्लाउजवर दोन आकडे होते. ३२, आणि त्याच्या शेजारी ३६. पहिला खोडलेला नव्हता.

"चुकून लहान माप घेतलं जायचं की," मी म्हटलं. "खोडत का नाही?"

"परत आली तर?" ते म्हणाले. "म्हणून तर माया कापत नाही कधी. दुमडून ठेवतो."

सांगलीला फोन करून हे सगळं आईला सांगितलं. तिने एकच विचारलं, रेशमाला किती माया ठेवतात. दोन बोटं, मी म्हटलं. "अस्तर असेल तर दीड पुरते," ती म्हणाली, "पण बरोबर आहे त्यांचं."

पुढच्या आठवड्यात मी घरी गेले होते. साखरपुडा लागला होता. थोरली जाऊ पेढ्यांचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारातून आत गेली आणि आत जी रडली ती जांभळ्या ब्लाउजमधली लहान चणीची मुलगी होती. आईने चष्मा पुसला. "भोकं राहिलीत," ती म्हणाली, आणि मग बऱ्याच वेळाने, "ती कुठे गेली असेल गं?"

दुसऱ्या दिवशी तिने तेच विचारलं. तिसऱ्या दिवशीही विचारलं. चौथ्या दिवशी नवी जाऊ सासूच्या पायाशी बसली होती. आई पदराने डोळे पुसत होती, आणि बाहीकडे तिचं लक्ष नव्हतं.