प्रॉक्सी कोसळतो आणि लॉग गप्प राहतो

आपण एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा आपली मागणी बहुधा मूळ सर्व्हरच्या हाती थेट पडत नाही. आलेली मागणी पारखून ती योग्य ठिकाणी रवाना करणारा आणि उत्तर परत पोचविणारा प्रॉक्सी सर्व्हर मध्ये उभा असतो. तो कोसळला, की मागचे सर्व सर्व्हर धडधाकट असूनही सारा कारभार ठप्प होतो. आणि कारण शोधण्यासाठी एरर लॉग उघडावा, तर अखेरच्या क्षणाविषयी त्यात अनेकदा एक अक्षरही नसते.

या मौनाचे पहिले कारण असे, की ज्याचा अंत झाला त्याला स्वतःच्या अंताची नोंद करता येत नाही. लिनक्सवर स्मृती संपुष्टात आली म्हणजे कर्नल एखादी प्रक्रिया निवडून तिला ९ क्रमांकाचा सिग्नल धाडतो. तो हुकूम अडविण्याची किंवा त्यापूर्वी चार शब्द लिहिण्याची मुभा कोणत्याही प्रक्रियेस नसते. त्याचा दाखला मिळतो तो कर्नलच्या लॉगमध्ये. इगोर सिसोयेव यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या इंजिन-एक्स या प्रॉक्सीमध्ये एखादी वर्कर प्रक्रिया स्मृतीचा अवैध वापर करून ११ क्रमांकाच्या सिग्नलने मेली, तर ती वार्ता तिच्यावर देखरेख करणारी मास्टर प्रक्रिया नोंदविते. मात्र दोष नेमका कोठे होता हे सांगणारी कोअर फाइल हवी असेल, तर तिची परवानगी आधीच देऊन ठेवावी लागते.

दुसरे कारण असे, की नोंद झालेली असते, परंतु भलत्याच दप्तरी. लॉगची फाइल बदलताना प्रक्रियेला ती नव्याने उघडण्याची सूचना दिली नाही, तर ती जुन्याच फाइलमध्ये लिहीत राहते, मग ती फाइल पुसलेली का असेना. विली तारो यांचा एचएप्रॉक्सी आपल्या नोंदी सामान्यतः सिसलॉग या नोंदसेवेच्या स्वाधीन करतो. सुरक्षिततेसाठी त्याला एका निर्देशिकेत कोंडले आणि सिसलॉगचा सॉकेट तेथे उपलब्ध करून दिला नाही, तर तो चालतो उत्तम, पण त्याचे म्हणणे कोठेच रुजू होत नाही.

सेवा पूर्ववत करणे हे प्रथम कर्तव्य खरे. तथापि पुसलेली फाइल मास्टरने उघडी धरलेली असेपर्यंतच तिच्यातील मजकूर काढून घेता येतो, आणि उतावीळपणे दिलेला रीस्टार्ट तो पुरावा कायमचा नष्ट करतो, हे विसरता कामा नये. म्हणून कर्नलचा लॉग, सिसलॉग आणि उघड्या फाइलींची यादी प्रथम जतन करावी, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, सर्व सुरळीत असताना चाचणीच्या यंत्रावर मुद्दाम एक वर्कर पाडून त्याची नोंद खरोखर उमटते की नाही हे पडताळावे. कारण ज्या लॉगची अशी परीक्षा कधी झालेली नाही, त्याच्या कोरेपणावरून प्रॉक्सी निर्दोष होता असा निष्कर्ष काढण्याचा अधिकार कोणासही नाही.