कोरेगावचा जयस्तंभ : इतिहास आणि वारसामूल्य

पुण्याच्या ईशान्येस सुमारे ३० किलोमीटरांवर, भीमेकाठी पेरणे गावाच्या हद्दीत एक चतुष्कोणी पाषाणस्तंभ उभा आहे. ज्या लढाईचे तो स्मारक आहे ती नदीपलीकडील कोरेगावात झाली. म्हणून ‘कोरेगावचा जयस्तंभ’ हेच नाव रूढ झाले. स्मारक कोणी उभारले आणि पुढे ते कोणाचे झाले, हे दोन प्रश्न भिन्न असतात. या भेदाचे इतके स्पष्ट उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच आढळेल.

प्रथम लढाईचे स्वरूप पाहू. १८१७च्या नोव्हेंबरात पुणे कंपनी सरकारच्या हाती गेले होते. दुसरा बाजीराव मोठ्या सैन्यासह पुन्हा पुण्याच्या रोखाने येत असल्याचे कळताच, शिरूरहून कॅप्टन स्टॉन्टन याची तुकडी ३१ डिसेंबरच्या रात्री पुण्याकडे निघाली. तीत मुंबई पायदळाचे सुमारे ५०० शिपाई, अडीचशेच्या आसपास घोडेस्वार आणि मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा होत्या. १ जानेवारी १८१८ रोजी सकाळी पेशव्यांचे सैन्य दृष्टीस पडल्यावर या तुकडीने कोरेगावचा आश्रय घेतला. अरब, गोसावी व मराठे यांच्या तुकड्यांनी गावावर चढाई केली. गल्लीबोळांतून दिवसभर निकराची झुंज झाली. अन्नपाण्यावाचून लढणाऱ्या या तुकडीचा जवळजवळ तिसरा हिस्सा मृत, जखमी वा बेपत्ता झाला. रात्री हल्ला थांबला. पुढे पेशव्यांचे सैन्य निघून गेले आणि स्टॉन्टनही पुण्यास न जाता शिरूरला परतला. अतएव या लढाईस निर्णायक विजय म्हणता येत नाही; गाव शेवटपर्यंत राखले गेले, एवढेच तीतून निश्चितपणे निष्पन्न होते.

कंपनी सरकारने मात्र तिला अभिमानास्पद विजयाचे रूप दिले. २६ मार्च १८२१ रोजी स्तंभाची पायाभरणी झाली. स्तंभावर इंग्रजी व मराठी अशा दोन्ही भाषांत लेख कोरण्यात आले. नव्या राज्यकर्त्यांना आपल्या सत्तेची साक्ष प्रजेच्या भाषेतही द्यावयाची होती, हे त्यावरून उघड होते. तथापि या लेखांत एक गोष्ट अशी आली की जिचे परिणाम उभारणाऱ्यांच्या कल्पनेतही नसावेत : मृत्यू पावलेल्या साध्या शिपायांची नावे. कोरलेल्या ४९ नावांपैकी २२ नावे ‘नाक’ या प्रत्ययाने संपतात. हा प्रत्यय महार समाजातील नावांचा विशेष असल्याने त्या शिपायांची ओळख पटते. उरलेल्या नावांत इतर जातिधर्मांचे लोक आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. लढाऊ व बिगरलढाऊ जाती असा भेद तेव्हा प्रमाण मानला जात होता. त्या भेदाविरुद्ध गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे प्रभृतींनी अर्ज केले. अशा प्रसंगी पूर्वजांच्या पराक्रमाचा सरकारनेच कोरविलेला पुरावा या स्तंभाच्या रूपाने उपलब्ध होता. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी येथे येऊन अभिवादन केले. १९४१ साली महार रेजिमेंट स्थापन झाली, तेव्हा तिच्या बोधचिन्हातही हा स्तंभ होता. साम्राज्याचे विजयचिन्ह अशा रीतीने मानवी प्रतिष्ठेच्या मागणीचे अधिष्ठान बनले. दरवर्षी १ जानेवारीस जमणारा लाखोंचा जनसमुदाय याच दुसऱ्या अर्थास वंदन करण्यासाठी येतो.

हा अर्थ सर्वमान्य झाला आहे असे नव्हे. पेशवाईचा अस्त हा स्वराज्याचा अंत मानणारी स्मृतीही महाराष्ट्रात आहे. १ जानेवारी २०१८ रोजी, लढाईस २०० वर्षे पूर्ण होत असता, या परिसरात हिंसाचार उसळला व त्यात प्राणहानी झाली. गतकालाचा वाद वर्तमानात किती दाहक होऊ शकतो, याचा तो विदारक प्रत्यय होता.

म्हणूनच स्तंभाचे वारसामूल्य केवळ शिल्पात वा प्राचीनत्वात शोधणे अपुरे ठरेल. त्याचे मूल्य त्रिविध आहे. द्विभाषिक शिलालेख म्हणून तो संक्रमणकाळाचे अस्सल साधन आहे. ज्यांची नोंद बखरींत सहसा होत नसे अशा सामान्य शिपायांची ती नामावली आहे. आणि एकाच वास्तूला क्रमाने भिन्न अर्थ कसे प्राप्त होतात याचा तो जिवंत दाखला आहे. यांपैकी एका अर्थासाठी दुसरा पुसून टाकल्यास स्तंभ उभा राहील, पण त्याचा इतिहास उरणार नाही. जतनाच्या कार्यात दगडाइतकीच त्यावरील अक्षरांची काळजी घेणे आवश्यक आहे; कारण मूळ विजयाचा गर्व केव्हाच मावळला, टिकून राहिली ती नावे.