उन्हाळ्यातील धावणे आणि अंगावरचे कपडे

उन्हाळा लागला, की वाशिम जिल्ह्यात दोन गोष्टी नजरेस पडतात. घरोघर नवा माठ येतो. आणि रिसोड, मालेगाव, मानोरा, कोठेही जा, दिवस उगवण्याआधीच गावाबाहेरच्या रस्त्यावर मुले-मुली धावताना दिसतात. ही सारी भरतीची तयारी. पोलीस शिपायाच्या शारीरिक चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. त्या काही मिनिटांवर घरादाराची आशा लागलेली असते. मग बाप शाळेतल्या गुरुजींना विचारतो, "गुरुजी, पोराले बूट कोणते घेऊ? कपडे कसे घेऊ?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र दुकानात शोधण्याआधी त्या नव्या माठापाशी शोधावे.

माठातले पाणी गार का होते? माठ पाझरतो, तो ओलावा वाऱ्याने वाळतो, आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जातो. आपले शरीरही असाच एक माठ आहे. धावताना आपण जी शक्ती खर्च करतो, तिच्यातला जेमतेम पाव हिस्सा पाय उचलण्याच्या कामी येतो. बाकीची सारी उष्णता होते. आपली कातडी सुमारे ३५ अंशांवर असते. हवा थंड असली, तर ही उष्णता आपोआप बाहेर जाते. पण आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा हवाच आपल्याला तापवू लागते. मग सुटकेची वाट एकच उरते, ती म्हणजे घाम वाळणे. एक लिटर घाम अंगावर पुरता वाळला, तर साडेसात लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी उष्णता तो घेऊन जातो. पण नुसता निथळून खाली पडलेला घाम काही कामाचा नाही. तो वाळला पाहिजे.

आता विचार करा, माठाला कोणी बाहेरून रोगण फासले तर? पाणी गार होईल काय? नाही ना? पण अनेक मुले आपल्या शरीराशी नेमके हेच करतात. वजन उतरावे म्हणून प्लास्टिकचे जाकीट किंवा जाड स्वेटर घालून धावतात. घामाच्या धारा लागतात आणि वाटते, चरबी वितळली. वितळत काही नाही! जाते ते पाणी, आणि दोन तांबे पाणी प्यायले की वजन होते तिथे येते. मात्र तेवढ्या वेळात शरीराची उष्णता कोंडून राहते, आणि उष्माघात धट्ट्याकट्ट्या तरुणालाही सोडत नाही. माझे सांगणे एवढेच आहे, की हे जाकीट आजच खुंटीला टांगा.

मग घालावे तरी काय? सैल आणि पातळ कपडे. अर्ध्या तासाच्या धावण्याला साधा सुती गंजीफ्रॉक आणि अर्धी चड्डी पुरे. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी. तिच्यात पातळ सूत लवकर वाळते. धावणे तासाभराच्या वर गेले, की सूत घाम धरून जड होते आणि काखेत, मांडीत घासते. अशा वेळी जाळीदार पॉलिएस्टरचा हलका सदरा बरा. मुलींनी ओढणी नीट खोचून घ्यावी, किंवा घरीच ठेवावी. बाह्यांचा सैल सदरा आणि हलका लेंगा पुष्कळ झाला. ऊन वर आले असेल, तर रंग फिका असावा आणि डोक्याला पांढरी टोपी असावी. पहाटेच्या अंधारातही पांढरा कपडाच उपयोगी, कारण तो ट्रकवाल्याला दुरून दिसतो.

बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. अंगठ्यापुढे बोटभर जागा असावी आणि वरचे कापड हवा खेळू देणारे असावे. महाग बूट म्हणजे चांगला बूट, असा काही नियम नाही. नवे बूट चाचणीच्या दिवशीच पहिल्यांदा घालू नयेत.

पण ऐका, पोशाखाहून वेळ मोठी. १९०४ साली अमेरिकेतील सेंट लुई येथे ऑलिंपिकची मॅरेथॉन शर्यत भर दुपारी, धुळीच्या रस्त्यावर घेतली. बत्तीस जण धावले, शेवटपर्यंत पोचले चौदा. १९६० साली रोमला तीच शर्यत सायंकाळी घेतली. इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी धावला आणि पहिला आला! अनवाणी धावा, असे मी म्हणत नाही. त्याच्या पायांना लहानपणापासूनची सवय होती. पण वेळ साधली, तर साध्या पोशाखातही निभते. आणि दुपारी बारा वाजता धावणाऱ्याला जगातला कोणताही कपडा वाचवू शकत नाही.

तेव्हा पहाटे धावावे. उन्हाची सवय दहा-पंधरा दिवसांत हळूहळू करावी. आधी पाणी प्यावे, नंतर ताक किंवा मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी घ्यावे. सोबती अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर त्याला तात्काळ सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर फोन करावा. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात पाणी घालू नये.

शिक्षक बंधू-भगिनींनो, एक सोपा प्रयोग वर्गात करून पाहा. दोन सारखे तांबे पाण्याने भरा आणि दोन्हींना ओले फडके गुंडाळा. एकावर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधा. दोन्ही सावलीत, वाऱ्यावर ठेवा. तासाभराने मुलांना दोन्ही तांब्यांतल्या पाण्यात बोट घालू द्या. पिशवी बांधलेल्या तांब्यातले पाणी दुसऱ्याइतके गार का झाले नाही, हे एकदा त्यांना कळले, की प्लास्टिकचे जाकीट घालून धावायला त्यांतले कोणीही जाणार नाही.